मण्यारीचे विष : चढते की शिरते?

आपल्या बोलीत विष ‘चढते’ आणि ‘उतरते’. साप चावला की विष पायातून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून काळजात आणि शेवटी डोक्यात चढते, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. चढणारी वस्तू वाटेत अडवता येते, म्हणून दोरीने पाय करकचून बांधला जातो. चढलेली वस्तू उतरवताही येते, म्हणून देवऋषी आणि मांत्रिक यांचे दुकान चालते. माझ्या मते या एका क्रियापदाने आपल्या ग्रामीण भागात जेवढी माणसे मारली, तेवढी कदाचित सापांनीही मारली नसतील. मण्यारीच्या बाबतीत तर हे क्रियापद सर्वस्वी चुकीचे आहे. मण्यारीचे विष चढत नाही. ते शिरते, आणि जिथे शिरते तिथेच राहून काम करते. ते कोठे शिरते, कसे शिरते आणि आत गेल्यावर काय करते, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे. मी इतिहासाचा शिक्षक. तरी या विषयाकडे वळलो त्याला कारण घडले.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी नुकतीच आटोपली होती, कारखान्यांचे धुराडे पेटले होते. आपल्या वसतिगृहात ऊसतोड कुटुंबातील एक मुलगा सहावीत शिकत होता. त्याचे आईवडील तालुक्यातच एका फडावर कोपीत उतरले होते. एके दिवशी पहाटे त्याच्या आईच्या पोटात कळा येऊ लागल्या. उलटी झाली. अंगावर कोठे जखम नाही, सूज नाही, साप कोणी पाहिलेला नाही. शिळे अन्न बाधले असेल म्हणून ओवा दिला. सकाळी जवळच्या एका खाजगी दवाखान्यात पित्ताचे इंजेक्शन झाले. नऊच्या सुमारास तिच्या पापण्या मिटू लागल्या. झोप अनावर झाली असे सर्वांना वाटले. बोलणे बोबडे झाले तेव्हा बाहेरची बाधा म्हणून देवऋषीकडे नेले. दुपारी तिचा श्वास थांबला. संध्याकाळी कोपीतील वाकळ उचलली, तेव्हा तिच्याखाली काळ्या अंगावर पांढरे बारीक पट्टे असलेली मण्यार वेटोळे घालून बसलेली होती.

मुलाने मला विचारले, “सर, चावल्यालं आईला कळलं कसं नाही?” त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही.

माळशिरस तालुका मुळात दुष्काळी पट्ट्यातला. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले आणि तालुक्याच्या मोठ्या भागाचे रूप पालटले. ऊस आला, साखर कारखाने आले, धान्य आले आणि धान्याबरोबर उंदीर आले. जिथे उंदीर, पाली आणि लहान साप, तिथे मण्यार येणारच. कारण हे तिन्ही तिचे भक्ष्य. ती निशाचर आहे. दिवसा विटांच्या ढिगात, भेगांत, पाचटाखाली पडून असते आणि रात्री फिरते. जमिनीवर अंथरूण टाकून निजलेल्या माणसाच्या उबेला ती येते आणि त्याने कूस बदलली की चावते. तिचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा झोपही मोडत नाही. घोणस चावली तर आग होते, सूज चढते, रक्त वाहते. नाग चावला तरी जागा सुजते. मण्यारीच्या दंशाला मात्र वेदना जवळजवळ नसते. त्या मुलाच्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर. राजस्थानच्या वाळवंटात अशा सापाला ‘पीवणा’ म्हणतात. झोपलेल्याचा श्वास तो पिऊन टाकतो, असे तेथील लोक मानतात. समजूत खोटी असली तरी निरीक्षण खरे आहे. माणूस रात्री धडधाकट झोपतो, सकाळी अंगावर खूण नसते आणि श्वास मात्र गेलेला असतो.

श्वास का जातो, हे कळण्यासाठी मज्जातंतूच्या टोकापर्यंत जावे लागेल.

आपण बोट हलवायचे ठरवतो तेव्हा मेंदूकडून निघालेला संदेश चेतापेशीच्या लांब तंतूतून विजेच्या लहरीसारखा स्नायूपर्यंत येतो. परंतु तंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये अतिसूक्ष्म फट असते आणि विजेची लहर ती ओलांडू शकत नाही. म्हणून तंतूच्या टोकाशी हजारो सूक्ष्म पिशव्या तयार असतात. प्रत्येकीत ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन भरलेले असते. लहर आली की कॅल्शियम आत शिरते, काही पिशव्या टोकाच्या पटलाला जाऊन मिळतात आणि रसायन फटीत ओतले जाते. पलीकडे स्नायूवर त्याच्यासाठी ग्राही असतात, कुलपासारखे. किल्ली बसली की स्नायू आकुंचन पावतो. काम झाले की एक विकर ते रसायन मोडून टाकते, आणि रिकाम्या पिशव्यांचे पटल पुन्हा आत ओढून घेऊन नव्या पिशव्या भरल्या जातात. पत्र घेऊन आलेला टपालवाला पिशवी रिकामी करून परत नेतो, तसे. ही परतीची फेरी लक्षात ठेवावी; पुढे तिचे काम आहे.

नागाच्या विषातील मज्जाविषारी प्रथिने पलीकडच्या काठावर, स्नायूच्या कुलपात जाऊन बसतात. किल्ली येते पण कुलूप अडलेले असते. हा अडथळा पेशीच्या बाहेरचा आहे. म्हणून निओस्टिग्मिनसारखे औषध दिले, ॲसिटिलकोलीन मोडणारे विकर थांबवले आणि फटीत किल्ल्यांची गर्दी केली, की नागदंशाच्या रुग्णाच्या पापण्या पुष्कळदा डोळ्यांदेखत वर उचलल्या जातात.

मण्यारीचा मामला वेगळा. १९६३ साली तैवानमध्ये चांग आणि ली या दोन संशोधकांनी तेथील मण्यारीच्या विषाचे घटक वेगळे केले. एकाला अल्फा-बुंगारोटॉक्सिन आणि दुसऱ्याला बीटा-बुंगारोटॉक्सिन अशी नावे मिळाली. ‘बुंगारस’ हे मण्यारीच्या कुळाचे शास्त्रीय नाव. अल्फा हा नागविषासारखाच कुलपात बसणारा. (याच अल्फाच्या साह्याने १९७० मध्ये पॅरिसच्या शांझ्यो यांनी ॲसिटिलकोलीनचा ग्राही प्रथमच वेगळा करून दाखवला. माणसाला मारणारे द्रव्य माणसाच्या शरीराचा नकाशा काढायला उपयोगी पडले.) खरा घातकी तो बीटा. तो अलीकडच्या काठावर, म्हणजे तंतूच्या टोकावरच हल्ला करतो.

बीटा-बुंगारोटॉक्सिन ही दोन प्रथिनांची जोडगोळी आहे. एक भाग टोकावरील पोटॅशियमच्या दारांना ओळखून तेथे घट्ट धरतो. हा वाटाड्या म्हणता येईल. दुसरा भाग फॉस्फोलिपेज हे विकर. पेशीचे पटल ज्या स्निग्ध पदार्थांचे बनलेले असते, त्यांना ते कापते. कापल्यावर जे दोन तुकडे होतात त्यांच्यामुळे पटलाचा तोल बिघडतो: पिशव्या पटलाला मिळून बाहेर ओतल्या जाणे सोपे होते, पण त्यांना आत ओढून घेणे कठीण होते. टपालवाला जातो, परत येत नाही. टोकातील साठा रिता होतो आणि नवा भरत नाही. इटलीतील पाडुआ विद्यापीठात मोंतेकुक्को यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवले की, विष बाजूला ठेवून केवळ हे दोन तुकडे चेतापेशींना दिले तरी परिणाम तसाच होतो.

त्याच गटाने २००८ मध्ये आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. मण्यारीच्या या विषाला आणि ऑस्ट्रेलियातील काही सापांच्या तशाच विषांना चमकणारे रंग जोडून त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींवर सोडले आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिले. विष पटलावर थांबले नाही. ते आत गेले आणि तंतुकणिकांवर जाऊन बसले. दहावीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक आहे की तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाघर. ते फुगले आणि त्याची छिद्रे उघडली. विष आत जाण्याची एक वाट, अभ्यासकांच्या मते, ती परतीचीच फेरी असावी: रिकामी पिशवी आत ओढली जाताना विषही तिच्याबरोबर आत जाते. कापलेल्या पटलातून आधीच कॅल्शियमचा लोंढा येत असतो. साठा गेला, ऊर्जा गेली, आणि काही तासांत तंतूचे ते टोकच मोडून पडते.

आता ‘चढणे’ या शब्दाकडे परत येऊ. मज्जातंतूतून खरोखर वर चढणारे विष जगात आहे, पण ते सापाचे नव्हे. धनुर्वाताच्या जंतूचे विष जखमेजवळच्या तंतूच्या टोकातून आत शिरते आणि तंतूच्या आतून उलट्या दिशेने पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत प्रवास करते. त्याला दिवस लागतात. मण्यारीचे विष रक्तातून सर्व शरीरभर फिरते, प्रत्येक स्नायूजवळच्या टोकात शिरते आणि तेथेच थांबते. मेंदूपर्यंत ते पोचत नाही. म्हणजे रुग्णाची पापणी उचलत नाही, जीभ वळत नाही, मान सावरत नाही, छातीचे स्नायू हलत नाहीत. पण तो शुद्धीवर असतो. सभोवतालचे बोलणे त्याला ऐकू येत असते. बुबुळे स्थिर आणि बाहुल्या विस्फारलेल्या असल्या तरी मेंदू जिवंत असतो. त्या माउलीच्या उशाशी बसून लोक काय काय बोलले असतील, हा विचार मला आजही सोडत नाही.

हे सर्व वाचून काय हाती लागते? मला दोन गोष्टी लागल्या. पहिली वेळेची. प्रतिसर्पविष म्हणजे घोड्याला विषाच्या थोड्या थोड्या मात्रा वाढवत देऊन त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये. १८९४ च्या सुमारास फ्रान्सच्या काल्मेत यांनी ही वाट प्रथम दाखवली. आपल्या मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने, जी १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी त्या जागेत उभी राहिली, पुढे याच कामात मोठा वाटा उचलला. भारतात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते; तिच्या एका मिलिलिटरने मण्यारीचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे असे प्रमाण ठरलेले आहे. मूल लहान म्हणून मात्रा कमी करायची नसते. साप मुलाला विष कमी सोडत नाही. या लसीसाठी लागणारे विष मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतील इरुळा आदिवासींच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. ज्यांच्या ज्ञानाला शतकानुशतके कोणी ज्ञान म्हटले नाही, त्यांच्यापैकी मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा उल्लेख आपल्या स्मरणिकेत व्हायलाच हवा.

परंतु ही प्रतिद्रव्ये रक्तात फिरणाऱ्या विषाला धरतात. चेतापेशीच्या आत त्यांना शिरता येत नाही. विष एकदा उंबरठा ओलांडून गेले की लस दाराबाहेर उभी राहते. म्हणून पहाटेची पोटदुखी हीच वेळ मोलाची. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटाच्या कळांनी उठला आणि त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या, तर दंशाची खूण शोधत बसू नये. मण्यार आहे असे धरून चालावे आणि १०८ ला दूरध्वनी करावा. दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, कडुलिंबाचा पाला चावायला लावून चव विचारू नये. अवयव न हलेल असा आधार द्यावा आणि निघावे. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. त्यात दुसऱ्यालाही दंश होतो.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती फार थोड्यांना ठाऊक आहे. लस देऊनही मण्यारीचा रुग्ण लगेच सुधारत नाही. त्यावरून नातेवाईक ‘औषध लागू पडले नाही’ असे म्हणतात आणि रुग्णाला घरी नाही तर देवळात नेतात. येथे घात होतो. मोडते ते केवळ तंतूचे टोक. मूळ चेतापेशी पाठीच्या कण्याजवळ सुरक्षित असते आणि ती नवे टोक फुटवते. याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तेवढे दिवस छातीचे काम कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्राने केले, की माणूस उठून बसतो, चालत घरी येतो. व्हेंटिलेटरवर निपचित पडलेला मण्यारदंशाचा रुग्ण हा बहुधा वाट पाहणारा रुग्ण असतो, संपलेला नव्हे. आपल्यापासून सोलापूरचे सिव्हिल शंभराहून अधिक किलोमीटर आहे. त्या वाटेवर हाताने दाबायच्या पिशवीने श्वास देत नेणारा एक जाणकार माणूस रुग्णवाहिकेत असणे, हे निम्मे युद्ध आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरील संशोधनासाठी जगाला माहीत आहेत. नाग आणि मण्यारीच्या दंशावर ग्रामीण परिस्थितीत कसे उपचार करावेत यावरही त्यांनी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिले आहे. मोठ्या शहरात नव्हे, तालुक्याच्या गावी राहून हे काम झाले.

कोणी म्हणेल, आपल्या धम्मग्रंथांतही सर्पदंशावर परित्त आहे, मग मंत्राला दोष का? प्रश्न योग्य आहे. अंगुत्तरनिकायातील अहिराज सुत्तात सर्पदंशाने मृत्यू पावलेल्या भिक्खूची वार्ता ऐकून तथागतांनी चार सर्पकुळांविषयी मैत्रीभाव ठेवण्यास सांगितले. मी त्याचा अर्थ असा घेतो की अरण्यात राहणाऱ्याने सापाला शत्रू मानून त्याच्या वाटेला जाऊ नये. तो सहजीवनाचा धडा आहे, विष उतरवण्याची कृती नव्हे. विनयपिटकाच्या महावग्गात तर सर्पदंश झालेल्या भिक्खूला शेण, मूत्र, राख आणि माती देण्याची अनुमती आहे. हे लपवण्याचे कारण नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी जे औषध म्हणून उपलब्ध होते ते आजारी भिक्खूला घेऊ द्या, एवढाच त्याचा आशय. आज लस उपलब्ध आहे. परंपरेने सांगितले म्हणून मानू नका, हे कालामांना ज्यांनी सांगितले त्यांच्या अनुयायांनी शेणाचा आग्रह धरावा हे विपरीत होईल.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात सन २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. ‘दुर्लक्षित’ हा शब्द मी इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने वाचतो. पलंगावर, पक्क्या फरशीच्या बंद खोलीत झोपणाऱ्याला मण्यार सहसा चावत नाही. ती चावते कोपीतल्या, पालावरच्या, वीटभट्टीवरच्या, गोठ्याशेजारी निजणाऱ्या माणसाला. कोणाला जमिनीवर झोपावे लागते याचा इतिहास लिहिला, तर मण्यारीच्या बळींची यादी वेगळी करावी लागणार नाही. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केली आहे. ती फडापर्यंत पोचते की नाही, हे पाहणे आपल्याकडे आहे.

उपाय साधा आहे आणि त्याची परीक्षाही झाली आहे. नेपाळच्या आग्नेय भागातील गावांत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका पुष्कळ कमी असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. डासांसाठी केलेली जाळी मण्यारीलाही अडवते. मात्र तिच्या कडा अंथरुणाखाली चहूबाजूंनी खोचलेल्या हव्यात. नुसती लोंबती मच्छरदाणी उलट वाईट, आत शिरलेला साप बाहेर जाऊ शकत नाही.

तो सहावीतला मुलगा आता कमावता आहे. मागच्या हंगामात तो आमच्याबरोबर फडावर आला होता. कोपी बुटकी असते, मच्छरदाणी टांगायला खुंटी नसते, अशी बायकांची तक्रार होती. त्याने कोपीच्या कमानीच्या कामट्यांना चार सुतळ्या बांधल्या, जाळी मांडीएवढ्या उंचीवर ताणली आणि वाकळेखाली कडा कशा दुमडायच्या ते स्वतः आडवे होऊन दाखवले. मग बॅटरी पेटवून अंथरूण एकदा झटकून घ्यायला सांगितले आणि पुढच्या कोपीकडे गेला.